मेक्सिकोच्या टीमचं स्थळ

माझ्या लग्नाच्या वेळी आमच्याकडं स्थळं आली ती कागलची, गडहिंग्लजची, फार लांबचं म्हणजे निपाणीचं. धाकट्या भावाला मात्र एकदम मेक्सिकोचं आलं. तेही पोरीचं नव्हे, बास्केटबॉलच्या टीमचं. पगार देऊन खेळाडू ठेवणारी, तिकिटं लावून मॅचेस खेळणारी धंदेवाईक टीम. आणि आमच्या घरानं ते अगदी सोयरिकीसारखंच घेतलं, पहिली माशी शिंकली ती तिथंच.

भाऊ सहा फूट सहा इंच. कसबा बावड्यात एवढा उंच माणूस म्हणजे जत्रेतला पाळणा, येणारा-जाणारा थांबून मान वर करणार. ‘वर हवा कशी हाय?’ हा विनोद त्यानं इतका ऐकला होता की तो समोरच्याच्या आधी स्वतःच बोलून टाकायचा. तालमीत नेला तर वस्ताद म्हणाले, “ह्येला चीत कराय दुसरा पैलवान कशाला? जरा ढकलला की आपआपच पडतंय की ह्ये!” भाऊ रडत घरी आला. तेव्हा मी कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळायची. त्याला ग्राउंडवर नेलं, हातात बॉल दिला आणि म्हटलं, हितं रड. पुढं मी एका शाळेत खेळाची बाई झाले, आणि तो जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असलेला खेळाडू झाला.

ती नव्वदनंतरची वर्षं. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याची टीम होती. खेळाडूंना गोडाऊनला नाहीतर टाइम ऑफिसला चिकटवायचे, संध्याकाळी चार वाजता सोडायचे, मग ग्राउंड. भाऊ गोडाऊनला होता, सीझनल. सीझनल म्हणजे ऊस गाळायचा हंगाम चालू असेल तोवर कामावर, बाकीचे महिने घरात. आमचे आप्पा त्याच रांगेतून निम्मं आयुष्य काढून परमनंट झालेले, त्यामुळं त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या. पुढं टीम बंद पडली, तिच्याबरोबर भावाची नोकरीही. तो सत्तावीस वर्षांचा, गुडघे अजून चांगले, आणि खेळायला जागा नाही. शाळेच्या रिंगवर एकटाच बॉल टाकत बसायचा.

आणि अशात ते पावणं आलं.

कुठल्या गावचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पायात पांढरे बूट, हातात दोन मोबाईल. त्या काळात एक असला तरी माणूस तो टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. भावाचं नाव त्यानं कुठल्यातरी जुन्या स्पर्धेतून काढलेलं. आईनं कांदेपोहे केले. खरंच केले, काय बोलावं! मी सासरहून मुद्दाम आले होते, मला हसू यायला लागलं. पावण्यांनी पोहे खाल्ले आणि म्हणाले, “जरा हुबा ऱ्हावा बघू.” भाऊ उभा राहिला. “चालून दाखवा.” तो अंगणापर्यंत चालत जाऊन आला. पावण्यांनी मान हलवली. “पसंत हाय.” आईनं डोळ्याला पदर लावला. माझ्या वेळी एवढं पटकन कुणी पसंत म्हटलं नव्हतं.

मग आप्पांनी घसा खाकरला. “परमनंट हाय का सीझनल?”

“सुरवातीला सीझनलच असतंय की. मग परमनंट.”

“ऑफ सीझनला काय?”

“निम्मा पगार, घरबसल्या.”

“क्वार्टर?”

“दोन खोल्या, सैपाकघर.”

“पाळी कुठली?”

“जनरल.”

आप्पांचा चेहरा असा फुलला! बास्केटबॉलच्या टीमला कसली आलीय जनरल पाळी? पण आप्पांनी खेळाचं विचारलंच नव्हतं, कारखान्याचं विचारलं होतं, आणि पावणं प्रत्येक गोष्टीला ‘व्हय’ म्हणत होतं. सीझनला सीझन जुळला, गोष्ट मिटली. मी मात्र गप्प बसणारी नव्हे. विचारलं, “टीममध्ये ह्याला कुठल्या जागेवर खेळवणार?”

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. “वरच्या जागेवर, ताई.”

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. टीमचं नाव विचारलं तेव्हा त्यानं एक उच्चारलं, जेवताना दुसरंच उच्चारलं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर हात मारून झाल्यावर सांगितलं की आमच्याकडून त्याला एक पैसा नको. जिल्ह्यातून आणखी आठ पोरं निवडलीत, त्यांना शिकवायचं आणि बरोबर घेऊन जायचं, एवढंच. “आमची पहिली बॅच गेलीय की दोन वर्सामागं. बिद्रीच्या अंगाचं एक पोरगं तर तिथं आता मेन प्लेअर हाय.”

दुसऱ्या दिवशी मी भावाला घेऊन सायबर कॅफेत गेले. तिथं अर्ध्या तासात दोन पानं उघडायची, पण उघडली. आणि टीम निघाली की खरी! तेच चिन्ह, पावण्यांनी जेवणानंतर पिशवीतनं काढून दाखवलेल्या टीमच्या बनियनवर होतं तेच. लाकडी फरशीचं चकचकीत कोर्ट, माणसांनी भरलेल्या गॅलऱ्या, आणि भावापेक्षा उंच माणसं. भाऊ खुर्ची पुढं ओढून त्या फोटोंकडं बघत बसला. स्पॅनिश कुणाला वाचता येतंय, पण कोण किती उंच ते आकड्यांवरून त्यानं शोधून काढलं. “आक्का,” म्हणाला, “हितं मी बुटका हाय गं.” जन्मात पहिल्यांदा तो कुठंतरी बुटका होता आणि त्याचा त्याला केवढा आनंद! टीम खोटी असती तर गोष्ट तिथंच संपली असती. ती खरी होती हेच वाईट झालं.

प्रॅक्टिस सुरू झाली ती बावड्याच्या बाहेर, नवे प्लॉट पडत होते तिथल्या एका मैदानावर. मी शाळा सुटल्यावर बघायला गेले. आठ पोरं. कुणी वडगावचं, कुणी शिरोळकडचं, एक नृसिंहवाडीचं. अंगानं काटक, हातांना घट्टे. बॉल छातीशी धरून पळत होती, शेतातून भोपळा चोरल्यासारखी. टप्पा मारत बॉल न्यायचा असतो हे एकालाही ठाऊक नव्हतं. रिंगकडं टाक म्हटलं तर भिंतीपलीकडं धोंडा टाकल्यागत टाकत होती. उंचीनं भावाच्या छातीला लागतील एवढी. मी शाळेत मुलींची टीम निवडते, तिसरीत शिकणारीसुद्धा बॉलकडं बघून डोळे मिटत नाही. ह्यातली दोघं मिटत होती.

“ही टीम?” मी पावण्यांना म्हटलं. ते जीपला टेकून उभे होते.

“तयार व्हत्यात की ताई. तुमचा भाव हाय न्हवं.”

मग त्यानं शिट्टी मारली आणि खेळ थांबवला. आता स्टॅमिना, म्हणाला. मेक्सिको उंचावर आहे, दम लागतो, म्हणून चालायचं. पाठीवर पिशव्या, प्रत्येकाला पाण्याची एक बाटली, आणि जोतिबाच्या रस्त्यानं चालायला लावलं. बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. परत आल्यावर सगळ्यांना जीपच्या मागच्या भागात बसवलं, काचा वर केल्या आणि तसंच ठेवलं. “परवासाची सवय,” म्हणाला. घामाघूम झालेली नऊ माणसं एकमेकांच्या मांड्यांवर, गप्प. भावाचे गुडघे दोन पोरांच्या मधून वर आले होते. काचेतून माझ्याकडं बघून तो हसला. मला हसता आलं नाही.

घरी जाऊन मी आप्पांना म्हटलं, “हे खेळाचं ट्रेनिंग नव्हे.”

“मंग कसलं?”

ते मला सांगता येईना. मी नुसतीच चिडले. आप्पा म्हणाले, “तुजं लगीन ठरवताना बी तू असाच थयथयाट केलातास.”

आमच्या घरात देवाला कौल लावायची पद्धत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा उतरला, भिंतीवर बुद्ध आला. शंका आली तर माणसाला विचारायचं, हे आप्पांनीच शिकवलेलं. आणि सोयरिकीत विचारायचं कुणाला, तर त्या घरी आधी ज्यांनी लेक दिलीय त्यांना. नवरदेव काय, त्याचा मामा काय, गोडच बोलणार. आधी दिलेल्या लेकीच्या आईला विचारावं, ती बोलली नाही तरी तिच्या तोंडावर दिसतं. म्हणून मी ठरवलं, बिद्रीच्या अंगाचं ते ‘मेन प्लेअर’ पोरगं शोधायचं.

कोल्हापुरात माणूस सापडत नाही असं होत नाही. माझ्या जावेची मावशी बिद्रीत दिलेली. तिच्या दिराच्या दुधाच्या फेरीत ते घर निघालं, बिद्रीच्या पुढं एका वाडीत. रविवारी एसटीनं गेले. अंगणात म्हैस, पत्र्याचं घर, दारात त्या पोराची आई मिरच्या वाळत घालत होती. मी कुठून आले, कशाला आले ते सांगितलं. म्हटलं, माझा भाऊ त्याच टीमला निघालाय. बाई एकदम हरखली. हाताला धरून आत नेलं.

“बसा की पावणं, बसा. च्या घेता का दूध?”

भिंतीवर फोटो होता. ती खरी टीमवाली बनियन घालून उभा असलेला एक पोरगा. बनियन गुडघ्यापर्यंत आलेली.

“कसा खेळतो?” मी विचारलं.

“कोन?”

“तुमचा मुलगा. बास्केटबॉल.”

“छ्या! खेळतंय कुटलं. कामाला हाय की ते. बास्केटबॉल कंपनीत.” मग माझ्याजवळ सरकून, आपल्याला कळलेलं मलाही कळावं म्हणून, समजावून सांगितलं, “बास्केट म्हंजे बुट्ट्या वो. बुट्ट्या इनत्यात न्हवं तिथं. ह्यो प्याकिंगला हाय.”

मी चहाची कपबशी खाली ठेवली. बाई खुळी नव्हती. पोरगा जाण्याआधी काय करायचा विचारलं तर गुऱ्हाळावर काहिलीपाशी रस ढवळायचा. बॉल त्यानं आयुष्यात हातात धरलेला नव्हता. जी माणसं न्यायला आली ती बास्केटबॉलची म्हणाली, म्हणजे बास्केटबॉल ही कंपनी असणार, कारखान्यासारखा कारखाना. तिच्या जागी कोणीही हेच समजलं असतं. माझे आप्पा तरी वेगळं काय समजले होते?

“फोन येतो?”

“यायचा की. वाडीत दुकानात.” बाईनं पदर सारखा केला. “दिवाळीच्या आदी आल्ता. म्हनला, आये, आता चालत जायाचं हाय, फुडं गेल्यावर फोन करतो. कुटं चालत जायाचं, ते काय बोललं न्हाय. लाइन तुटली.”

ही गोष्ट ती सांगत होती तेव्हा दुसऱ्या दिवाळीची साफसफाई चालली होती.

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, त्या दिवशी जीभच नव्हती. निघताना ती म्हणाली, “तुमचा भाव उंच हाय म्हनताय, गर्दीत दिसल त्यास्नी आमचं पोर. म्हनावं, आयेला एक फोन कर. दुसरं काय नको.” एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. कंडक्टर तिकीट मागायलाही लवकर आला नाही.

घरी आले ती तडक भावासमोर. सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. तो बुटाला चुना लावत होता, जुन्या काळी आम्ही पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना लावायचो तसा. मान खाली घालून ऐकत राहिला. मला वाटलं आता बूट फेकेल. तो म्हणाला, “मला म्हाईत हाय, आक्का.”

“काय माहीत आहे?”

“त्यास्नी खेळायचं न्हाय. त्यास्नी पल्याड जायचंय, अमेरिकेत. टीम नुसती दावायची. पैल्या दिवशीच कळलं मला. डोळं मिटत्यात की ती बॉलला!”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “आणि तरी तू चाललायस? त्या जीपमध्ये कोंबून घेतोयस?”

“मी पल्याड जाणार न्हाय. मी मेक्सिकोतच थांबणार. पावण्यांनी शब्द दिलाय. टीम जवा नवी पोरं बघून घेती, त्या दिवशी मला तिथं उभा करणार. एकदा, आक्का. त्यांच्या कोर्टवर एकदा खेळून दाखवतो. न्हाय घेतलं तर येतो परत.” मग बूट बाजूला ठेवला. “हितं काय हाय मला? जत्रेतला उंट हाय मी हितं.”

मी त्याच्या दंडावर चापटी मारली, मारायला हात वर करावा लागला. म्हटलं, तुला ते फुकट नेतायत ते कशासाठी, ह्याचा विचार केलास? तो म्हणाला, कारण मी खरा हाय. नऊजणांत एक तरी खरा पायजे. दिल्लीत व्हिसाच्या साहेबानं बॉल टाकून दाखव म्हटलं, तर कुणी दाखवायचा? एवढं कळत होतं त्याला. आपण कशासाठी हवे आहोत ते नीट कळत होतं, तरी आपल्याला दिलेला शब्द खरा असेल अशी त्याची आशा होती. आंधळा मागतो एक डोळा, आणि ह्यानं तर तोही उधार मागितलेला.

मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, “थोरला झालाय त्यो. मी कारखान्यात घुसलो तवा मला बी लोकांनी भ्या घातलं हुतं.” आई म्हणाली, कामाच्या गावाला अपशकून नको करूस. मी एकटी पडले. रोज वाटायचं, त्याचा पासपोर्ट चुलीत घालावा. पण तो पावण्यांकडं होता, सगळ्यांचे त्यांच्याकडंच होते.

भाऊ मात्र त्या पोरांना जीव लावून शिकवायला लागला. हे मला सगळ्यात जास्त बोचायचं. दिखाव्यापुरतं शिकवायचं ना, तर नाही, ह्याला चांगलंच शिकवायचं. कोपर आत, गुडघा वाकव, नजर रिंगवर. दिवाळीनंतर गेले तर पोरं टप्पा मारत होती. नृसिंहवाडीचं ते पोरगं, सगळ्यात बारकं, पळत येऊन दोन पावलांत बॉल वर सोडत होतं, आणि बॉल आत पडला की भाऊ एवढा मोठ्यानं ओरडायचा की शेजारच्या रानातली बगळं उडायची. पोरं त्याला ‘सर’ म्हणत. त्यांना खेळ आवडायला लागला होता, ते दिसत होतं. देवाशपथ सांगते, आमच्यात शपथेला देव नसला तरी, त्या दोन महिन्यांत ती जवळजवळ टीम झाली होती. आणि जीपच्या काचा वर करायचं ट्रेनिंगही रोज चालू होतं.

दिल्लीला नऊजण गेले. एकसारखे ट्रॅकसूट, भाऊ सगळ्यात पुढं. परत आल्यावर त्यानं सांगितलं, “साहेबानं मान वर करून बघितलं आन हसला. एकच गोष्ट इचारली, उंची किती. शिक्का!” सगळ्यांना व्हिसा मिळाला. गल्लीत पेढे वाटले. आप्पांनी कारखान्यातल्या जुन्या लोकांना बोलावून सांगितलं, पोरगा परदेशात लागला, सुरवातीला सीझनल. आईनं चटणी कुटली. मी बॅग भरायला गेले नाही. गेलेच नाही. काय करायचं ते करा म्हटलं.

निघायच्या आठवड्यात पावणं आलं. मी तेव्हा घरात होते. चहाला नको म्हणालं, बसायलाही नको म्हणालं. उंबऱ्यातूनच भावाच्या हातात पासपोर्ट ठेवला.

“तुमचं जरा राह्यलं बघा.”

“राह्यलं म्हंजे?”

“ह्या बॅचला न्हाय. तिकडनं सांगावा आलाय.” तो इकडं-तिकडं बघत होता. मी पुढं झाले, म्हटलं, कसला सांगावा, नीट सांगा. तेव्हा त्याला माझा राग आला असावा, कारण पहिल्यांदाच तो खरं बोलला. “लांबडा हाय वो ह्यो! गाडीत मावत न्हाय. दोन फळ्यांच्या मधी झोपाय लागतंय, पाय मोडून. रानातनं चालला तरी कोसावरनं दिसतोय. ह्येच्यापाय बाकीची सापडत्यात.”

भाऊ उंबऱ्याच्या आत उभा होता, नेहमीसारखी मान वाकवून. “पर मला गाडीत जायचंच न्हवतं,” तो म्हणाला. “मला टीमकडं सोडायचं ठरलंतं न्हवं?”

पावण्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की हा माणूस अजून त्या गोष्टीवर आहे होय! आणि तो जीपकडं गेला.

बास्केटबॉलच्या टीममधून माझ्या भावाला उंच आहे म्हणून काढलं. शिकवून झालं, साहेबापुढं उभा करून झाला, तोंडाला पानं पुसली. तो सुटला म्हणून मी मोठ्यानं रडले, आणि माझं रडणं ऐकून आईला वाटलं मला वाईट वाटलं. भाऊ रडला नाही. हातात पासपोर्ट घेऊन जीप गेली त्या दिशेला बघत म्हणाला, “आक्का, त्या पोरांस्नी अजून डाव्या हातानं टप्पा येत न्हाय गं.” मग एकदम भानावर आल्यासारखा धावत सुटला. मैदानाजवळ पोरं राहायची त्या खोलीवर गेला. दार उघडं, चटया गुंडाळलेल्या, कुणी नाही. पोरांना निघायचा दिवस वेगळा सांगितला होता की ह्याला, ते कळलं नाही. त्यातल्या कुणाचा पत्ता त्याच्याकडं नव्हता, गावं तेवढी ठाऊक.

त्यानंतर भाऊ बाजार समितीत गुळाच्या वखारीत लागला. संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन त्या टीमच्या मॅचेसचे निकाल बघायचा. मी विचारलं, अजून कशाला बघतोस? “टीम हरली का जिंकली, बघतो.” पण तो निकालावरून खाली सरकून खेळाडूंची नावं वाचायचा, प्रत्येक नाव, हळूहळू, बोट ठेवून. आपल्या पोरांची नावं त्यात नसणार हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घरी फोन वाजला की तोच सगळ्यात आधी उठायचा.

उन्हाळ्यात नृसिंहवाडीच्या त्या बारक्या पोराचा बाप आला. संगमावर पेढ्यांचं दुकान असलेल्या कुणाकडंतरी कामाला होता, पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी बासुंदीचा डबा. विचारत विचारत घर शोधलेलं. भावाला बघितलं आणि लांबूनच हात जोडले.

“तुमीच सर न्हवं? ओळाकलं की मी. पोरगं फोनवर लई सांगायचं, सर ढगाला लागत्यात म्हनून.” बसला, पाणी प्याला. “शिमग्यापसनं फोन न्हाय त्येचा. म्हनलं सरास्नी इचारावं. तुमी शिकिवलंय त्यास्नी, तुमाला ठावं असंल. सध्या कुटं खेळायलीत ती?”

भावानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, सांगून टाक म्हणून. तो त्या माणसाच्या समोर जमिनीवर बसला, म्हणजे दोघांचे डोळे सारखे आले, आणि सगळं सांगितलं. टीम नव्हतीच. गाडी, फळ्या, रान. आपल्याला का काढलं, तेही. सगळं ऐकून म्हातारा म्हणाला, “व्हय. पर खेळाय तर शिकिवलं न्हवं? आत पडायचा न्हवं त्येचा बॉल?”

“पडायचा, काका. चांगला पडायचा.”

“मंग झालं. घेतल्यालं आसंल कुनीतरी.”

भाऊ उठला, शर्ट घातला आणि म्हाताऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात निघाला. आप्पा म्हणाले, “खुळ्या, तुजंच नाव यील त्यात. तू सुटलाईस, गप ऱ्हा.” भाऊ थांबला नाही. मी चपला अडकवून मागं धावले.

हवालदार मधल्या वयाचे, सभ्य माणूस. पोराचं नाव, वय, अंगावर काय खूण. पावण्यांचं नाव विचारलं तर आम्हाला सांगता येईना, आम्ही सगळे त्याला पावणंच म्हणत होतो. गाव ठाऊक नाही, फोन लागत नाही. हवालदारांनी पेन थांबवलं.

“टीम म्हणताय, तर टीमला कोण तरी असेल ना? ह्या पोरांना गोळा करून शिकवत कोण होतं? कोच कोण?”

मी भावाचा शर्ट मागून धरला. त्याला कळलं, तरी तो पुढं झाला.

“मी,” म्हणाला.

“ह्यांनीच, साहेब,” म्हातारा लगबगीनं म्हणाला, भावाच्या दंडाला धरून, मुलाची चांगली गोष्ट कुणीतरी ऐकून घेतंय ह्या आनंदात. “लई जीव लावून शिकिवलं सरांनी. माझ्या पोराला कायसुदिक येत न्हवतं, सगळं ह्यांनीच शिकिवलं.”

तो ते कौतुकानं सांगत होता, आणि हवालदार शब्दन्‌शब्द लिहून घेत होते.